तीन वेताळ आणि एक डेंकाली

वाचकहो, आमच्या घरी कोणतेही गोष्टीचे पुस्तक आले की आई एकच प्रश्न विचारीत असे, ‘‘यात कोणाला मारतात काय?’’ आम्ही जैन. सूर्यास्तापूर्वी जेवणे आणि पाणी गाळून पिणे जितके स्वाभाविक, तितकाच तिचा हा प्रश्न स्वाभाविक होता. सुप्याला अण्णांचे किराणा दुकान होते. माल आणायला ते लोंढ्याला जात आणि येताना स्टेशनावरच्या बुकस्टॉलवरून कधी चांदोबा, कधी इंद्रजाल कॉमिक्स आणीत. पहिला ‘वेताळ’ घरात आला तेव्हा आईने मांडी घालून तो अंक अक्कांकडून वाचून घेतला. चोर पिस्तूल रोखतो, वेताळ नेम धरतो आणि गोळी चोराच्या हातातल्या पिस्तुलाला लागते. पिस्तूल उडते, हात शाबूत राहतो. मग ठोसा बसतो आणि जबड्यावर कवटीचे निशाण उठते. आईने निकाल दिला, ‘‘निशाण उठवतो, जीव घेत नाही. वाचू दे पोरांना.’’

या एका वाक्यावर माझे पुढचे वीस वर्षांचे वाचन उभे राहिले. म्हणूनच काही वर्षांपूर्वी पुतण्याने हौसेने बंगळुरूहून आणलेले ‘द लास्ट फँटम’ हातात घेतल्यावर मला जे झाले, ते आपल्याला सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या डायनामाइट नावाच्या प्रकाशनाने २०१० मध्ये वेताळ नव्याने सुरू केला. त्यात किट वॉकर हा मुखवटा सोडून दिलेला गृहस्थ आहे आणि एक सेवाभावी संस्था चालवतो. त्याच्या बायकोचा आणि मुलाचा खून होतो, तेव्हा तो पुन्हा वेताळ होतो. संगणक बिघडला की बंद करून पुन्हा सुरू करतात, त्यालाच हे लोक रीबूट म्हणतात. मी पाने उलटली, चित्रे पाहिली. चित्रकाराचा हात मोठा आहे यात शंका नाही. पण सूडाने पेटलेला तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. आईला हा अंक वाचून दाखवला असता तर तिने काय म्हटले असते, हे मला लगेच कळले. मी अंक मिटून कपाटात ठेवला आणि दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही. पेशंटांनाही ते जाणवले असावे.

साठी ओलांडलेल्या माणसाने एका चित्रकथेवरून रुसावे, हे हसण्यासारखेच आहे. पण डॉक्टरने लक्षणाला हसू नये, त्याचा इतिहास विचारावा, असे आम्हाला शिकवलेले असते. म्हणून मी माझ्या रागाचाच इतिहास घ्यायला बसलो. जुन्या वाचकाला असा राग धरण्याचा अधिकार आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. शोधत गेलो तसतसा तो प्रश्न माझ्यावरच उलटला.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये मँड्रेक जादूगार निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांतून फँटमची दैनिक चित्रमालिका सुरू केली. पहिल्याच कथेत फॉकच्या मनात नायक वेगळा होता. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी वाटणारा तरुण रात्री मुखवटा चढवतो, असे त्याला दाखवायचे होते. कथा चालू असतानाच त्याने बेत बदलला आणि जंगलातला, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नायक पुढे आणला. म्हणजे पहिला रीबूट मालिकेच्या पहिल्याच वर्षी झाला, आणि तो खुद्द निर्मात्याने केला! पोशाखाचेही तसेच. फॉकच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. इतर काही देशांत तो निळा आहे, तांबडाही आहे. त्याचे जंगल सुरुवातीला आशियात असल्यासारखे होते, पुढे ते सरकत सरकत आफ्रिकेत गेले. रे मूर, विल्सन मकॉय आणि साय बॅरी असे चित्रकार बदलले. १९७७ मध्ये फॉकने वेताळाचे डायनाशी लग्न लावले आणि दोन वर्षांत जुळी मुले दिली. ज्याला मी ‘मूळ वेताळ’ म्हणत होतो, तो एका जागी उभा कधीच नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिल्या अंकात फँटमचीच कथा होती आणि सुरुवातीचे तीसेक अंक त्याचेच होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. भगवा कुडता आणि जीन घालणारा हा आपला देशी नायक गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, कन्नड, गुजराती, बंगाली, तमिळ, मल्याळम अशा भाषांतून हे अंक निघत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले तोवर सुमारे ८०० अंक निघाले होते.

या अंकांत मुंबईच्या संपादकांनी काय केले ते पाहा. फॉकच्या वेताळाचा देश होता बंगाला. भारतात हे नाव छापले तर वाचक बंगालच समजणार, म्हणून त्याचे डेंकाली झाले. त्याचे पिढीजात वैरी होते ‘सिंग’ नावाचे चाचे. हे नाव ठेवले तर शीख बांधवांचे मन दुखावणार, म्हणून ते ‘सिंगा’ झाले. वर्तमानपत्रातल्या चौकटी पुस्तकाच्या पानांत बसवण्यासाठी काही गाळल्या जात, काही जुळवून घेतल्या जात. म्हणजे लोंढ्याच्या बुकस्टॉलवरून आलेला, आईने पास केलेला माझा वेताळ मुळात सुधारून, कापून, नावे बदलून नव्याने मांडलेला होता. तो बदल मला कधी खुपला नाही, कारण तो मी जन्मण्याच्या सुमारास झाला होता. वाचकहो, आपल्या लहानपणाआधीचे बदल आपल्याला परंपरा वाटतात आणि नंतरचे बदल भ्रष्टाचार वाटतात. हे चित्रकथेपुरतेच खरे नाही.

डेंकाली या नावाने तर माझे आयुष्यच रंगवले. सुप्याहून दांडेली जवळ. चारी बाजूंना जंगल, मधून काळी नदी, दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक. ‘डेंकाली’ हे ‘दांडेली’चेच रूप आहे आणि त्यातला ‘काली’ म्हणजे आमची काळी, याबद्दल मला आणि माझ्या सोबत्यांना तिळमात्र शंका नव्हती. वेताळ अणशीच्या बाजूला कोठेतरी राहतो, एवढेच ठरायचे बाकी होते. कवटीची गुहा कवळ्याची असावी, असे एक मत होते. मुंबईच्या कचेरीत बसून कोणी एक नाव बदलले आणि जोयड्याच्या जंगलातल्या पोरांना आपला देश छापील पानावर सापडला. मूळ नाव राहिले असते तर हे घडले नसते.

मराठीत त्याला ‘वेताळ’ केले, त्याची हकीकत आणखी पुढची आहे. फॉकच्या नायकाची ख्याती ‘चालणारे भूत’ अशी. त्याचे आडनाव वॉकर, म्हणजे चालणाराच. आता आमच्या तालुक्याची हद्द जिथे गोव्याला भिडते, त्यापलीकडे काणकोणात लोलयें आणि पैंगीण ही गावे आहेत. दोन्हीकडे वेताळ देव आहे. पैंगीणच्या वेताळाची गड्यांची जत्रा दर तीन वर्षांनी भरते. आमोण्यालाही वेताळ आहे. कोकण-गोव्यात हा भूतांचा राजा आणि गावाचा राखणदार. रात्री तो हद्दीवरून फेरी मारतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून काही देवस्थानांत त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत आहे. ज्या अनुवादकाने फँटमला वेताळ म्हटले, त्याने शब्द नुसता कोशातून काढला नसावा असे मला वाटते. रात्री फिरणारा, दुष्टांना धाक आणि गरिबांना आधार देणारा, कधीही न मरणारा राखणदार आमच्या लोकांना आधीपासून ठाऊक होता. अमेरिकेतला पाहुणा आला, तो आयत्या देव्हाऱ्यात बसला.

आणि तिसरा वेताळ चांदोबातला, विक्रमाच्या खांद्यावरचा. वेताळपंचविशी जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात ती घेतली. चांदोबा मूळचा मद्रासचा. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू-तमिळमध्ये तो सुरू केला आणि १९५२ मध्ये तो मराठीत आला. पंचवीस कथा छापून झाल्यावर संपायला हव्या होत्या. पण वाचक सोडीनात. मग तिथल्या लेखकांनी त्याच चौकटीत नव्या कथा रचल्या आणि दशकानुदशके रचतच राहिले. शंकर यांनी काढलेले ते चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहेच: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. आपल्यापैकी किती जणांनी ‘प्राचीन’ म्हणून मुलांना सांगितलेल्या वेताळकथा या मद्रासच्या कचेरीत गेल्या शतकात लिहिल्या गेल्या असतील! आपण फसलो, असे मात्र मला वाटत नाही. राजा बोलला की वेताळ झाडावर परत जातो, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. गोष्टी नव्या होत्या, करार जुना होता. चांदोबा १९९८ मध्ये थांबला, पुढच्या वर्षी पुन्हा निघाला, २००७ मध्ये मुंबईच्या एका संगणक कंपनीकडे गेला, त्याला नवे रूप देऊन पाहिले गेले आणि २०१३ च्या सुमारास तो कायमचा बंद झाला.

अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांचे गणित थोडे निराळे असते. डीसी कॉमिक्सने सप्टेंबर २०११ मध्ये आपली ५२ मासिके एकदम क्रमांक १ पासून पुन्हा सुरू केली. ज्या ‘अॅक्शन कॉमिक्स’मध्ये १९३८ साली सुपरमॅन जन्मला, तेही ९०४ वर थांबवून १ झाले. सुपरमॅनचे १९९६ मध्ये झालेले लग्न पुसले गेले. कारण सरळ होते. सत्तर वर्षांचा मागचा हिशेब ठाऊक नसलेल्या नव्या गिऱ्हाइकाला दुकानात यायला दार हवे होते, आणि क्रमांक १ चा अंक जास्त खपतो. दुकानदाराचा मुलगा म्हणून मला हे कळते. पाटी रंगवली की चार नवी माणसे डोकावतात. पण पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच मासिकाला जुना क्रमांक परत देऊन ते ९५७ पासून सुरू करावे लागले. मोजणी पुसता येते, पण ज्यांनी मोजले त्यांना ती आठवत असते.

इथवर आलो आणि मला आमच्याच घरातला सर्वांत मोठा रीबूट आठवला. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले हे जैन रामायण महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेच्या भाषेत लिहिलेले आहे. त्याचा आरंभच एका असमाधानी श्रोत्यापासून होतो. मगधाचा राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो की लोक रामकथा सांगतात त्यात कुंभकर्ण सहा महिने कसा झोपतो आणि बलाढ्य राक्षसांना माकडे कशी मारतात? मग गौतम कथा नव्याने सांगतात. राक्षस आणि वानर हे विद्याधरांचे वंश. वानरांच्या ध्वजावर माकडाचे चिन्ह, म्हणून ते वानर. रावणाला दहा तोंडे नाहीत. बालपणी घातलेल्या हारातल्या रत्नांत त्याची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. आणि मुख्य गोष्ट अशी की रावणाला राम मारीत नाही, लक्ष्मण मारतो. लक्ष्मणाला त्या हिंसेचे फळ नरकात भोगावे लागते. राम दीक्षा घेतो आणि मोक्षाला जातो. हीच कथा सातव्या शतकात रविषेणांनी संस्कृतात आणि पुढे नागचंद्राने कन्नडात नेली.

हे मी लहानपणी आजीकडून ऐकले आणि शाळेत दुसरे रामायण शिकलो. दोन्ही माझी झाली. वाल्मीकींचा एखादा निष्ठावंत वाचक पउमचरिय ऐकून माझ्यासारखाच दोन दिवस अबोल झाला असेल, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्याच्या पूर्वजांनी देशाची सर्वांत मोठी कथा बदलली, त्याने एका अमेरिकन प्रकाशकाला ‘कथा बदलू नका’ म्हणावे, हे शोभत नाही. माझा राग निम्मा तिथेच उतरला.

निम्मा उरला, आणि तो का उरला हेही या तुलनेनेच मला समजले. विमलसूरींनी बदल केला तो रामाला हिंसेपासून दूर ठेवण्यासाठी. कथेतले जे त्यांना सर्वांत मोलाचे वाटले, ते अधिक उजळ करण्यासाठी. मुंबईच्या संपादकांनी नावे बदलली ती शेजाऱ्याचे मन राखण्यासाठी. चांदोबाच्या लेखकांनी कथा वाढवल्या, पण करार राखला. वेताळाचे सर्वस्व म्हणजे त्याची शपथ. १५३६ साली चाच्यांनी बापाला मारले, किनाऱ्यावर वाहून आलेल्या मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढेन, आणि माझे वंशजही लढतील. तिथेही आरंभ खुनाचाच आहे. पण सूड त्या एका खुन्यापाशी थांबत नाही, तो व्रत होतो, आणि एकवीस पिढ्या चालतो. २०१० च्या वेताळात हा प्रवास मला उलट दिशेने झालेला दिसला: व्रत सोडलेला माणूस पुन्हा सूडापाशी आला. आमच्या शास्त्रात औषध इतके पातळ करतात की मूळ द्रव्याचा कण शोधून सापडू नये. गुण मात्र राहतो, असे आम्ही मानतो. त्यावर आपण हसता, हसा. पण गोष्टींच्या बाबतीत ते मला अगदी खरे वाटते. नाव, रंग, देश, पोशाख सगळे पातळ होऊ द्या. गुण राहिला की औषध लागू पडते. गुण गेला तर मूळ बाटलीतले लेबल जसेच्या तसे असून काय उपयोग?

फॉकने यावरची तोड स्वतःच सांगून ठेवली होती. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने लिहिलेल्या बखरी ओळीने मांडलेल्या असतात. नवा वेताळ गादीवर येतो तो या वारशात वाढून. जगाला वाटते तो एकच आहे आणि अमर आहे. खरे पाहता प्रत्येक पिढीत नवा माणूस, नव्या चुका, नवी लढाई. अमरपणा मुखवट्यात नसतो, त्या बखरींच्या फळीत असतो.

आता मी हे सगळे आपल्यापुढे का मांडले, ते सांगतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरे. आपला तालुका स्वतःच पुन्हा सुरू केलेला आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपे गाव धरणाखाली गेले. १०१ मीटर उंचीचे ते धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. सुपे तालुक्याचा जोयडा तालुका झाला. विस्थापितांनी रामनगरात नव्याने चुली मांडल्या. आमच्या दुकानाची फळी, ज्यावर इंद्रजालचे अंक साखरेच्या पोत्यांशेजारी रचलेले असत, ती आज पाण्याखाली आहे. आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५६ मध्ये तो म्हैसूरला जोडला गेला आणि १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. आपले जंगल २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र क्षेत्र झाले आणि २०१५ पासून त्याला काळीचे नाव आहे. दर वेळी पाटी बदलली. काही वेळा आपल्याला विचारले गेले, बहुतेक वेळा नाही.

या सगळ्यात आपल्या मुलांची मराठी टिकली ती थोडी घरातल्या बोलीने, थोडी शाळेने, थोडी भजनाने आणि बरीचशी अशा स्वस्त, चुरगळलेल्या अंकांनी. मी सातवीनंतर कन्नड माध्यमात गेलो. मराठी वाचण्याची सवय मोडली नाही ती केवळ पुढच्या अंकात वेताळाचे काय होते हे कळल्याशिवाय झोप येत नसे म्हणून. आता तसा अंक नाही. माझा नातू कन्नड झरझर वाचतो, इंग्रजी त्याहून वेगाने वाचतो, आणि मराठी समजते पण अक्षरे लावत लावत वाचतो. त्याची मराठी माझ्या मराठीसारखी नसणार. ती आधीच नव्या अंकाची पहिली पाने लिहू लागली आहे. मी तिच्यावर रुसून बसलो तर ती माझ्यावाचून पुढे जाईल, एवढेच होईल.

म्हणून मी रुसायचे सोडले. रामनगरला येताना ट्रंकेत जे अंक वाचले होते, त्यातले एकवीस माझ्याकडे शिल्लक आहेत. आकडा योगायोगाने तेवढाच आहे, मी मुद्दाम जुळवलेला नाही. कपाटातली एक फळी रिकामी करून ते मी नातवाच्या उंचीवर लावून ठेवले. ‘द लास्ट फँटम’ही त्याच फळीवर आहे, शेवटी. नियम एकच ठेवला: आधीचे वाच, मग ते घे. तो रोज दोन पाने वाचतो. परवा बोट ठेवून थांबला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, डें-का-ली... म्हणजे आपली दांडेली ना?’’

मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. फक्त, आई आमच्या घरी विचारायची तो प्रश्न त्याला विचारला, ‘‘यात कोणाला मारतात काय रे?’’ त्याने पान नीट पाहिले आणि म्हणाला, ‘‘नाही. पिस्तूल पाडलं फक्त.’’